पुढे एक कंपनी, मागे दुसरी: पावसाच्या तोंडावर टायरची जोडी फोडावी का?

सहा_नळकांडी

नमस्कार मंडळी. गेल्या वर्षी एक जुनी पोर्श केमन एस घेतली, २०१४ची. इंजिन सीटच्या लगेच मागे, ताकद मागच्या चाकांना. टायर पुढे २३५/४०, मागे २६५/४० (पहिला आकडा रुंदीचा, मिमीत), चारही चाकं १९ इंची. मापं वेगळी असल्यामुळे पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे अशी अदलाबदल करता येत नाही, आणि मागचे नेहमी आधी संपतात. आज मोजले तर मागच्यांची नक्षी २.५ मिमी, पुढच्यांची ५. कायद्याने १.६पर्यंत चालतं. पण जूनमध्ये ताम्हिणी उतरायची असेल तर २.५वर माझी हिंमत होणार नाही.

चारही टायर पिरेलीचे आहेत, पोर्शने तपासून मान्य केल्याची 'एन' खूण असलेले. मागच्या मापात नेमके तेच पुण्यात कुठेही मिळेनात. मुंबईत विचारलं तर दहा आठवडे थांबा म्हणाले. मिशेलिनचे, तेही एन खुणेचे, दोन दिवसांत बसवून मिळतायत.

माझं मत सांगतो: बिनधास्त घ्यावेत. रस्त्याला कंपनीचं नाव वाचता येत नाही. त्याला कळतं ते रबर, त्याचं वय, खाचांची खोली आणि हवा. एका एक्सलवर दोन वेगळे टायर कधीही नकोत, हे मलाही मान्य आहे. पण पुढे एक जोडी आणि मागे दुसरी, आणि त्यातली मागची नवी, यात धोका मला दिसत नाही. विरोध असेल तर कारणासकट लिहा. आठवड्याभरात ठरवायचं आहे.

वळणवेडी

माझा विरोध आहे.

तुम्ही पकड 'किती' हे मोजताय. घाटात गाडी चालवताना महत्त्वाचं असतं ते पकड कशी येते आणि कशी सुटते. स्टिअरिंग वळवलं की टायर ज्या दिशेला बघतो आणि प्रत्यक्षात ज्या दिशेला जातो, त्यात थोडा कोन पडतो. एखाद्या टायरला जोर धरायला कमी कोन पुरतो, एखाद्याला जास्त लागतो. एखादा सुटण्याआधी हातात निरोप देतो, एखादा शेवटपर्यंत गप्प राहतो आणि एकदम सोडतो. पुढची जोडी एका स्वभावाची आणि मागची दुसऱ्या, म्हणजे गाडीचा पुढचा अर्धा भाग वळायला लागलेला असतो आणि मागचा अजून विचार करत असतो.

हे मी दोन वर्षं भोगलंय. माझ्या जुन्या बीएमडब्ल्यू झी-फोरला पुढे रनफ्लॅट राहिले आणि मागे दुसऱ्या कंपनीचे साधे टायर घातले. कोथरूड ते बाणेर काहीच कळायचं नाही. लवासाच्या रस्त्यावर डावं वळण संपता संपता उजवं आलं की मागचा भाग क्षणभर उशिरा यायचा. गाडी कधी फिरली नाही, पण त्या एका क्षणामुळे माझा तिच्यावरचा विश्वास गेला. चारही एकसारखे घातले त्याच दिवशी तो परत आला. पोर्शही चारही टायर एकाच कंपनीचे आणि एकाच एन-क्रमांकाचे (एन खुणेपुढचा आकडा) वापरायला सांगते. उगाच नाही सांगत.

आलेख

वळणवेडी ताई, तुमचा अनुभव खरा आहे, पण निष्कर्ष चुकतोय. रनफ्लॅटची भिंत हवा गेल्यावरही गाडीचं वजन पेलेल इतकी जाड असते. पुढे तसली ताठ भिंत आणि मागे मऊ, ही गाठ दोन रचनांची होती. दोन्ही टायर एकाच कंपनीचे असते तरी गाडी तशीच उशिरा आली असती.

मी वाहनांच्या गतिशास्त्रावर काम करतो, म्हणून थोडं सविस्तर. टायरच्या बाबतीत बिघडण्याच्या दोन दिशा आहेत. पुढची पकड आधी संपली तर नाक सरळ बाहेर जातं. मागची आधी संपली तर शेपूट बाहेर येतं. पहिल्या वेळी आपण घाबरून पाय उचलतो, वेग कमी होतो, वजन पुढच्या चाकांवर येतं आणि गाडी बहुतेकदा परत वळते. दुसऱ्या वेळी पाय उचलला की मागचं वजन आणखी हलकं होतं आणि गाडी फिरते. म्हणून जगभरच्या टायर कंपन्या सांगतात की दोनच नवे घेतले तर ते मागे घाला, गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असली तरी. धागाकर्ते नेमकं तेच करतायत.

पुढच्या-मागच्यातला फरक हा मुळात शत्रू नाहीच. १९६० सालच्या शेव्हर्ले कोर्व्हेअरचं इंजिन पार मागे होतं. तिच्या पुढच्या टायरमध्ये १५ पीएसआय आणि मागच्यांत २६ पीएसआय हवा भरायची कंपनीचीच सूचना होती. पुढचे मुद्दाम ढिले ठेवून शेपूट शांत केलं होतं. चारही चाकांत सारखी हवा भरली की तोल बिघडायचा. केमनची रुंद मागची चाकं हा त्याच हिशेबाचा आजचा अवतार आहे.

वळणवेडी

रनफ्लॅटचा मुद्दा मान्य. माझं उदाहरण टोकाचं होतं.

पण कोर्व्हेअरने तुमचीच बाजू कमकुवत केली. १५ आणि २६ हे आकडे इंजिनिअरांनी गाडी पळवून, मोजून ठरवले होते. इथे फरक कोण ठरवतंय? दुकानात काय शिल्लक आहे, ते. मिशेलिनची भिंत पिरेलीपेक्षा किती ताठ आहे हे तुम्हाला, मला किंवा दुकानदाराला मोजून माहीत आहे का? 'मागे नवा म्हणजे मागे जास्त पकड' हेही नेहमी खरं नसतं. नव्याचं रबर टिकाऊपणासाठी कडक बनवलेलं असेल तर पुण्याच्या कोरड्या मे महिन्यात तो जुन्या मऊ टायरपेक्षा कमी धरेल.

जुनी_फियाट

मी ७१ वर्षांचा आहे. स्पोर्ट्स कार कधी चालवली नाही, पण टायर मिसळण्याची किंमत पाहिली आहे.

१९८७ साली आमच्या फियाटला दोन रेडियल, म्हणजे आतले धागे सरळ आडवे असलेले नव्या रचनेचे टायर घेतले. चार परवडत नव्हते. नवे आहेत, स्टिअरिंग चांगलं लागेल, म्हणून पुढे घातले. मागे जुन्या रचनेचे क्रॉसप्लाय, म्हणजे आतले धागे तिरपे एकमेकांवर असलेले, तसेच ठेवले. पहिल्या पावसात साताऱ्याला निघालो. कात्रजच्या जुन्या घाटात एका वळणावर पुढची चाकं इतकी सुरेख वळली, की मागची कुठे गेली ते कळलंच नाही. गाडी आडवी होऊन डोंगराच्या बाजूच्या मातीला टेकली. दुसऱ्या बाजूला दरी होती. पत्नी आणि दोन मुलं गाडीत होती. ती शांतता आजही आठवते.

नंतर कळलं की ब्रिटनमध्ये पुढे रेडियल आणि मागे क्रॉसप्लाय ही जोडी कायद्यानेच मना आहे. उलटी चालते. आम्ही नेमकी मना असलेली केली होती. आता सगळेच रेडियल झाले, पण पुढचं चांगलं आणि मागचं वाईट, ही चूक अजूनही करता येते. सहा_नळकांडी, तुम्ही ती करत नाही आहात, एवढं मला दिसतं. तरीही मी चार सारखे घेईन.

क्वाट्रोवाला

एक भर. चारही चाकांना ताकद जाणाऱ्या गाड्यांचे मालक हे वाचत असतील तर त्यांनी यातलं काहीच करू नये. माप तेच छापलेलं असलं तरी दोन कंपन्यांच्या टायरचा घेर थोडा वेगळा निघतो, आणि झिजलेल्याचा तर असतोच. पुढचा आणि मागचा एक्सल सतत वेगळ्या गतीने फिरला की मधल्या यंत्रणेवर ताण येतो, ती तापते. केमनची ताकद फक्त मागे जाते, त्यामुळे तिला हा प्रश्न नाही.

पेठेतला_टायरवाला

वीस वर्षं नाना पेठेत टायर विकतोय, दोन्ही बाजूंची गिऱ्हाइकं पाहिली आहेत. बाजाराची बाजू सांगतो.

एक म्हणजे माल का मिळत नाही. १२ जून २०२० पासून नवे टायर आयात करायला सरकारचा परवाना लागतो. आधी मोकळी आयात होती. इथल्या कारखान्यांत रोजच्या गाड्यांचे टायर भरपूर बनतात, पण २६५/४० आर १९ एन खुणेचा टायर बाहेरूनच येतो. एका खेपेत पुढचे येतात, मागचे येत नाहीत. म्हणून जोड्या फुटतात. मालकांची हौस नाही ती, नाइलाज आहे.

दुसरं, बाजूवर 'ट्रेडवेअर ३००' असं काही छापलेलं असतं, म्हणजे टायर किती हळू झिजेल त्याचा आकडा. त्या आकड्यावरून दोन कंपन्यांची तुलना करू नका. तो आकडा कंपनी स्वतःच्या चाचणीवर स्वतःच देते. एकाचं ३०० आणि दुसऱ्याचं २४० यावरून कुठला मऊ हे खात्रीने सांगता येत नाही. वळणवेडी ताई म्हणतात तसं, ते मोजलेलं नसतं.

तिसरं, आणि हे कोणी विचारलंच नाही: साहेब, तुमचे पुढचे टायर कधीचे आहेत? बाजूवर डीओटी शोधा, त्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. आधी ते सांगा, मग ब्रँडचं बोलू.

निवांत_चालक

दोन टायर चांगले असताना फेकून द्यायला सांगणाऱ्यांनी बिलाचाही विचार करावा. या मापाचे चार टायर म्हणजे एखाद्याचा दोन-तीन महिन्यांचा पगार. पुण्यात ही गाडी चालणार कुठे? विद्यापीठ चौकात आणि एक्सप्रेसवेवर, जिथे मर्यादा १०० आहे आणि घाटात तर ६०. शिवाय गाडीत स्थिरतेची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आहे. भिंतीच्या ताठपणातला फरक जाणवेल इतक्या वेगाने सार्वजनिक रस्त्यावर जाणाऱ्याने टायर नव्हे, वेग बदलावा. माझं मत दोन नवे मागे, विषय संपला.

वळणवेडी

वेगाबद्दल शंभर टक्के सहमत. पण ती यंत्रणा पकड निर्माण करत नाही. ती एकेका चाकाला ब्रेक लावून आणि इंजिनचा जोर कमी करून, असलेली पकड वाटून देते. पाण्याच्या थरावर टायर तरंगायला लागला की तिच्याकडे वाटायला काही उरत नाही. आणि ताम्हिणीत जुलैमध्ये निव्याच्या पुढे रस्त्यावरून जे ओहोळ आडवे वाहतात, ते वेगमर्यादेच्या आत चालवणाऱ्यालाही लागतातच.

सहा_नळकांडी

आत्ताच पार्किंगमध्ये बॅटरी घेऊन बघून आलो. मागचे ०९२२, म्हणजे २०२२चा नववा आठवडा. पुढचे ३११९. दोन्ही पुढच्यांवर तेच. २०१९च्या जुलै-ऑगस्टमधले, सहा वर्षं होत आली. आधीच्या मालकाने मागची जोडी बदलली आणि पुढची राहू दिली, असं दिसतंय. नखाने दाबून पाहिलं तर मागच्या झिजलेल्यांपेक्षाही पुढचे कडक लागतात. खाचांच्या तळाशी अगदी बारीक भेगाही आहेत. त्या मी आजवर पाहिल्या नव्हत्या, कारण ५ मिमी मोजून मी निर्धास्त झालो होतो.

आलेख

मग माझं गणित बदललं. मागे ताजे, ओल्यात घट्ट धरणारे आणि पुढे सहा वर्षांचे कडक झालेले, म्हणजे नाक बाहेर जाण्याची दिशा. 'सुरक्षित दिशा' म्हणून मीच तिची बाजू घेतली होती. पण तिलाही मर्यादा असते. ओल्या उतारावर पुढची चाकं वळलीच नाहीत, तर शेपूट शांत राहून काय उपयोग? कठड्याकडेच जाणार ना.

मुद्दा मात्र तोच आहे. पुढचे दोन वर्षांचे आणि भेगा नसलेले असते, तर पिरेली-मिशेलिनला मी आजही हो म्हणालो असतो.

वळणवेडी

आणि मी तेव्हाही नाही म्हणाले असते. हे आपलं मिटणार नाही, दादा. पण या गाडीपुरतं आपण एकाच जागी आलो.

पेठेतला_टायरवाला

भेगा दिसल्या म्हणजे पावसाळ्याआधी काढाच, नक्षी कितीही असो. चारही एकाच कंपनीचे, एकाच एन-क्रमांकाचे घ्या, आणि चारही टायरची तारीख डोळ्यांनी बघून मगच बसवायला सांगा. जुना माल नव्याच्या भावात मिळू शकतो. सोबत अलाइनमेंट कराच. मागच्या चाकांचा कॅम्बर (आत-बाहेर झुकण्याचा कोन) बिघडलेला असेल तर आतली कड दोन हंगामांत संपते आणि बाहेरून पाहणाऱ्याला काहीच दिसत नाही. नव्या टायरच्या पृष्ठभागावर साच्यातला गुळगुळीतपणा असतो. पहिले दोन-तीनशे किलोमीटर जपून, कोरड्यात चालवा. हवा सकाळी, गाडी थंड असताना तपासा.

सहा_नळकांडी

रबर, त्याचं वय, खोली आणि हवा, ही कसोटी मीच वर लिहिली होती. त्याच कसोटीवर माझे पुढचे टायर नापास झाले. त्यामुळे चार मिशेलिन सांगून आलो. पुढच्या मापातले दोन त्यांच्याकडे नव्हते, ते पुढच्या गुरुवारी येतील, तोवर गाडी घरी उभी. चौघांची तारीख फोनवर विचारून घेतली, सगळे गेल्या वर्षातले आहेत. अलाइनमेंट शनिवारी.

कंपनी मिसळण्याबद्दलचं माझं मत पूर्ण बदललेलं नाही. आलेख यांच्या बाजूला अजून निम्मा आहे. निवांत_चालक, बिल खरंच जड आहे. दिवाळीत करायचं सीटचं काम पुढे ढकललं.

जुनी_फियाट

फार बरं केलंत. ते दोन-तीनशे किलोमीटर कोरड्यात झाले आणि पहिला पाऊस पडला, की एकदा कात्रजच्या जुन्या घाटातून सावकाश जाऊन या. ते वळण बोगद्याच्या अलीकडे आहे. जागा असेल तर मलाही न्या. १९८७ नंतर त्या घाटातून पावसात गेलेलो नाही.

सहा_नळकांडी

काका, दोनच सीट आहेत, त्यातली एक तुमची. पाऊस पडला की फोन करतो.