जुना मिनी ट्रॅक्टर थंडीत सकाळी लवकर धरत नाही, बॅटरी बदलू का सेल (स्टार्टर मोटर)?

भोगावतीकाठ
राम राम मंडळी. माझ्याकडं २००९ चा मिनी ट्रॅक्टर हाय, १८ एचपी, तीन सिलिंडर डिझेल, सेकंडहँड घेतलेला. उसाच्या सरीतनं आंतरमशागत, फवारणी आणि शेणखताची छोटी ट्रॉली, एवढंच काम त्याला. उन्हाळा पावसाळा एका चावीत चालू व्हतोय पण दिवाळी झाली की ह्याची नाटकं सुरू. सकाळी सेल मारला की इंजन एकदम दमानं फिरतंय, म्हातारं माणूस जिना चढल्यागत, मग सायलेन्सरमधनं पांढरा धूर आणि लई वेळ झटल्यावर एकदाचा धरतोय. दुपारी कितीबी वेळा बंद करा, लगेच चालू. रान नदीकाठाला असल्यानं सकाळी धुकं आणि गारठा असतोय, पण थंडी म्हणजे काय काश्मीर न्हवं, पारा १३-१४ च्या आसपास.

मिस्त्री म्हणतोय सेल बदला, बॅटरीवाला म्हणतोय बॅटरी बदला, आणि आमचं वडील म्हणत्यात रात्री उताराला लावत जा म्हणजे काय बदलायची गरज नाही. बॅटरी दोन वर्षांची हाय, रात्रभर चार्जिंगला लावली की सकाळी जरा बरं फिरतंय. आधी कशाला हात घालू? उगंच पैसे घालवायचं नाहीत.

नाद_खुळा_हातकणंगले
भावा एवढा विचार कशाला करतोयस, स्टार्टिंग स्प्रे मिळतोय बघ, एअर फिल्टर उघडायचा, एक फवारा हाणायचा, जाळ आन धूर संगटच. आमच्या पाव्हण्यांच्यात तसंच करत्यात.

उद्यमनगर_फिटर
वरच्या भावाचा सल्ला कृपा करून ऐकू नका. ह्या मॉडेलला हीटर प्लग असतात, म्हणजे गार सिलिंडर आतनं तापवायचे. हीटर तापलेला आणि आत ईथरचा फवारा गेला की पिस्टन वर यायच्या आधीच भडका उडतो, मग रिंगा तुटतात, पिस्टनची कड उडते, कधी कनेक्टिंग रॉड वाकतो. असली इंजनं उघडलीत मी, हेड काढलं की कळतं कुणी काय केलंय ते.

आता मूळ मुद्दा. तुम्ही दोन वेगळे आजार एकत्र सांगितलेत. इंजन दमानं फिरणं हा एक आणि पांढरा धूर येऊन न धरणं हा दुसरा. पांढरा धूर म्हणजे डिझेल आत पोचतंय पण पेटत नाही, त्यामुळं पंप, फिल्टर, हवा धरणं ह्यांच्या मागं सध्या लागू नका. धूरच आला नसता तर मी तिकडं बघा म्हणालो असतो. डिझेल इंजनला स्पार्क नसतो, हवा दाबून दाबून तापते आणि त्या उष्णतेवर डिझेल पेटतं. इंजन सावकाश फिरलं की दाबलेली हवा रिंगांच्या कडेनं निसटती आणि जी राहती तिची ऊब गार सिलिंडर खाऊन टाकतो. म्हणजे आधी फिरण्याचा वेग, मग हीटर, ह्या क्रमानं जायचं.

काहीही विकत घ्यायच्या आधी एक साधा मल्टिमीटर आणा, दोन-चारशेचा चालतोय. ट्रॅक्टर न्यूट्रल, हँडब्रेक वर, आणि स्टॉपची दोरी ओढून धरायला एक माणूस, म्हणजे इंजन चालू होणार नाही, नुसतं फिरंल. सकाळी गार असतानाच बघायचं, दुपारी बघून उपयोग नाही.

पहिलं, सेल न मारता बॅटरीवर व्होल्टेज. १२.६ च्या आसपास म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे आधी चार्जिंग मग बाकीचं. दुसरं, सेल मारत असताना बॅटरीवरच बघा. साडेनऊच्या खाली आपटला तर बॅटरी गेली समजा, १० च्या वर टिकला तर बॅटरीला दोष देऊ नका. तिसरं कुणीच करत नाही आणि निम्म्या केसेस तिथंच असतात: काळी पिन बॅटरीच्या मायनसच्या शिशाच्या खुंटीवर (क्लॅम्पवर नको, खुंटीवर), लाल पिन इंजनच्या ब्लॉकवर उघड्या लोखंडावर, आणि सेल मारा. ०.२, फार तर ०.३ दाखवायला पाहिजे. त्याच्यापेक्षा जास्त म्हणजे तुमचं अर्थिंग (मायनसची जोडणी) करंट खातंय. तसंच प्लसच्या खुंटीपासनं सेलच्या मोठ्या बोल्टापर्यंत, तिथं अर्ध्या व्होल्टच्या आत पाहिजे. सेल एका वेळी शंभर-दीडशे अँपिअर आणि त्याच्या पुढं ओढतोय, त्यामुळं डोळ्याला दिसणार नाही एवढा गंज पण व्होल्टभर खाऊन बसतो.

हे सगळं चोख निघालं आणि तरी फिरणं सावकाश असंल तर मग सेल काढून माझ्यासारख्याकडं या. कार्बन झिजलेले असतात नाहीतर बुश गेलेले, आर्मेचर आत घासतंय. ते आमच्या उद्यमनगरात दुपारपर्यंत होऊन मिळतं, अख्खा नवीन सेल घ्यायची गरज बहुतेक वेळा लागत नाही.

आणि एका दमात दहा-पंधरा सेकंदांच्या वर सेल मारू नका, मधे अर्धा-एक मिनिट थांबा. लोक पेटेपर्यंत दाबून धरतात आणि मग सेल जळाला म्हणून रडतात.

आजरा_घनसाळ
फिटर दादांनी बरोबर सांगितलंय. आमच्याकडं आजऱ्यात तुमच्यापेक्षा गारठा जास्त, म्हणून दोन गोष्टी वाढवतो. एक, सेल मारताना क्लच पूर्ण दाबा. न्यूट्रल असला तरी क्लच न दाबता गिअरबॉक्सचा पहिला शाफ्ट त्या घट्ट तेलात फिरतच असतो, तो भार सेलवरच येतो. क्लच दाबल्यावर आवाजातला फरक तुम्हालाच कळंल.

दोन, तेल कुठलं घातलंय? जुने लोक हट्टानं ४० नंबरचं एकेरी तेल घालतात कारण "जुन्या इंजनाला जाड तेल". गार सकाळी ते काकवीसारखं होतं. कंपनीच्या पुस्तकात चालत असंल तर १५डब्ल्यू-४० घाला, गार असताना ते पातळ राहतं आणि तापल्यावर ४० नंबराएवढंच काम देतं.

गरम पाण्याचं पण सांगतो, काहीजण उकळतं पाणी रेडिएटरमधे ओततात. गार लोखंडावर एकदम उकळतं पाणी नको, ब्लॉकला नाहीतर हेडला तडा जायला वेळ लागत नाही. आणि केरोसीन मिसळू नका डिझेलमधे, आपल्याकडं डिझेल गोठण्याइतकी थंडी पडतच नाही, फुकट पंप आणि नोजल झिजतात.

भोगावतीकाठ
सगळ्यांचं आभार. मीटर आणला, आज सकाळी पुतण्याला स्टॉपच्या दोरीवर बसवून सगळं बघितलं. आकडे असे: उभ्यावर १२.५, सेल मारताना १०.४, प्लसकडं ०.४ आणि मायनसकडं १.३!! म्हणजे बॅटरीवाल्याचं पैसं वाचलं की हो.

अर्थिंग शोधलं तर सेलच्या मागं खाली एक विणलेली पट्टी हाय, चॅसिसला बोल्ट मारलेली. आधीच्या मालकानं कधीतरी ट्रॅक्टरला रंग दिलाय तो पट्टीच्या खालीच बसलाय, म्हणजे बोल्ट रंगावरच आवळलेला. पट्टी हातात घेऊन वाकवली तर निम्म्या तारा तुटलेल्या आणि उरलेल्या हिरव्यागार, मोरचूद धरल्यागत. आता नवीन पट्टी घेऊ का केबल टाकू? आणि क्लच दाबल्यावर खरंच फरक पडतोय, आजरेकर साहेब. तेल ४० नंबरचंच निघालं, वडलांचा हट्ट.

उद्यमनगर_फिटर
१.३ म्हणजे चोर सापडला. पट्टीच्या नादाला लागू नका, ३५ स्क्वेअर एमएमची वेल्डिंगची केबल घ्या, दोन्ही टोकांना लग (बोल्टात बसायचं भोकाचं टोक) दाबून घ्या, आणि ती चॅसिसला न लावता सरळ बॅटरीच्या मायनसपासनं, सेल इंजनला ज्या बोल्टानं बसवलाय त्याच बोल्टाला न्या (प्लसच्या मोठ्या बोल्टाला नव्हे). चॅसिसला दुसरी बारकी तार द्या, लाइट-हॉर्नसाठी. केबल घेताना टोक चाकूनं खरवडून बघा, आत पांढरं दिसलं तर ते ॲल्युमिनियम आहे, वरनं नुसता तांब्याचा मुलामा. तसला माल बाजारात लई आलाय. जिथं लग बसणार तिथला रंग पॉलिश पेपरनं चकाचक काढा, आवळा, आणि मग वरनं ग्रीस किंवा व्हॅसलीन. आधी ग्रीस मग लग असं उलटं करू नका.

हे झालं की हीटर बघा, कारण पांढऱ्या धुराचं उत्तर अजून मिळालेलं नाही. तिन्ही हीटर वरनं एका पत्तीनं जोडलेले असतात. ती पत्ती काढल्याशिवाय मीटर लावला तर एक चांगला हीटर तिघांचं रीडिंग देतो आणि तुम्ही फसता. पत्ती सोडा, मग एकेकाच्या टोकावर आणि ब्लॉकवर ओहम बघा. एक-दोन ओहमच्या आत आलं तर जिवंत, काहीच दाखवलं नाही तर गेला. मीटरवर विश्वास नसंल तर इंडिकेटरचा बल्ब घ्या, बॅटरीच्या प्लसपासनं बल्बमधनं हीटरच्या टोकाला, पेटला तर आतली तार शाबूत.

भोगावतीकाठ
केबल टाकली, सेल आता नव्या गाडीगत फिरतोय. पण पहिल्या झटक्यात धरत नाहीच, धूर येतोय, मग तासाभरानं पत्ती काढून बल्ब लावला. मधला पेटला. पहिला आणि तिसरा मुका! म्हणजे एवढी वर्षं एका हीटरवर चाललंय. आता दोनच बदलू का तिन्ही? आणि काढताना काय काळजी घ्यायची, कारण एक लई घट्ट वाटतोय.

उद्यमनगर_फिटर
तिन्ही बदला, उरलेला मधला पण त्याच वयाचा आहे. जुन्या हीटरवरचा नंबर आणि व्होल्ट बघूनच नवीन घ्या, दिसायला सारखे असले तरी टोकाची लांबी वेगळी असती, लांब निघाला तर आत आपटंल. घट्ट आहे त्याच्यावर जोर लावू नका. आदल्या रात्री बुडाशी पेनिट्रेटिंग ऑइल सोडा, सकाळी अर्धा तास ट्रॅक्टर चालवून इंजन चांगलं तापवा आणि मग थोडं उलटं थोडं सुलटं करत काढा. आटे बारीक असतात, हेडात तुटला तर हेड उतरवायला लागतंय. नवीन बसवायच्या आधी भोकातली काजळी साफ करा. मग चावी हीटरवर पंधरा-वीस सेकंद धरून सेल मारायचा, लगेच नाही.

आजरा_घनसाळ
आणि हीटर नवीन आलं म्हणून ४० नंबर तसंच ठेवू नका. तेल बदलायची वेळ झालीच असंल, वडलांना सांगा फिटरनं सांगितलंय म्हणून.

नाद_खुळा_हातकणंगले
बरं झालं विचारलं, पाव्हण्यांना फोन करून स्प्रे बंद करायला सांगितलाय. त्यांचा सिंगल सिलिंडर हाय, हीटर नाही त्याला. फिटर दादा, त्याला पण ही मायनसवाली टेस्ट चालती का?

उद्यमनगर_फिटर
चालती. सेल असंल तिथं सगळीकडं चालती. सिंगलला डिकॉम्प्रेशनचा (सिलिंडरमधला दाब सोडायचा) खटका असंल तर तो उचलून इंजनला चार फेरे फिरवून घ्यायचं, तेल वर चढतं, मग खटका सोडायचा. स्प्रेपेक्षा तेच बरं.