उत्तर देणं आणि समजणं

भाऊ, तुमचा मुद्दा होता की करून बघायच्या तासात मुलांना काही शिकल्यासारखं वाटत नाही, मग उगाच वेळ कशाला घालवायचा. वाटत नाही हे खरं आहे! हार्वर्डच्या भौतिकशास्त्राच्या वर्गांवर २०१९ मध्ये नेमकं हेच तपासलं होतं. धडा तोच, अर्ध्यांना छान व्याख्यान, अर्ध्यांना स्वतः डोकं लावून सोडवायला दिलं. व्याख्यानवाल्यांना वाटलं आपण जास्त शिकलो. चाचणीत मार्क मात्र दुसऱ्यांना जास्त पडले.

आमच्या नागपुरात दरवर्षी २६ मेच्या आसपास सूर्य बरोबर डोक्यावर येतो. गेल्या वर्षी सोसायटीतल्या पोरांना घेऊन गच्चीवर तीन फुटी पाईप उभा केला (चप्पल काढायची हिंमत कोणाची नव्हती). ठीक बाराला दीडेक इंच सावली, पश्चिमेकडे. 'काका, फसलं!' दहाएक मिनिटांनी ती पाईपाखाली गडप. आपलं भारतभरचं घड्याळ उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूरजवळच्या रेखांशाचं, नागपूर त्याच्या पश्चिमेला, म्हणून इथे सूर्य डोक्यावर थोडा उशिरा येतो, हे तेव्हा कुठे कळलं.

त्यातल्याच एका दहावीच्या हुशार मुलीला विचारलं, उन्हाळा का होतो? 'पृथ्वी सूर्याच्या जवळ जाते म्हणून.' आता पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते जानेवारीच्या सुरुवातीला, म्हणजे आपण स्वेटर घालून संत्री सोलत असतो तेव्हा. पृथ्वीचा आस कललेला आहे म्हणून ऋतू होतात, हे बरोबर उत्तर तिने पेपरात लिहिलं होतं, पूर्ण मार्कही मिळाले होते.