मदत हवी आहे: दुसऱ्या महायुद्धात गेलेल्या आजोबांच्या भावाची कबर कुठे शोधायची?

मालवामिलकर
आम्ही इंदूरचे. आमच्या आजोबांचे थोरले भाऊ लढाईत इटलीला गेले, परत आले नाहीत. त्यांची कबर कुठे आहे आणि अर्ज कुणाकडे करायचा, एवढंच सांगा. 15 ऑगस्टला गावात त्यांच्या नावाची शिळा बसवायची आहे, दगडवाला मजकूर मागतोय. घाई आहे.

सुदामानगर
गाव कुठलं? पलटण? साल? काहीच दिलं नाहीत, सांगणार काय?

महूचा माणूस
इंदुरात राहून इथे कशाला विचारता? महू जवळच आहे, मिलिटरीचं सगळं तिथेच. मी तिथूनच निवृत्त झालो. जाऊन भेटा, काम होईल.

सुभेदारपुत्र
काका, महूला शिकवण्याच्या संस्था आहेत. शिपायाचे कागद त्याच्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसात असतात. मराठा असतील तर मराठा लाइट इन्फन्ट्री, म्हणजे बेळगाव. उगाच खेपा घालायला लावू नका त्यांना.

सुदामानगर
मराठा म्हणजे मराठा लाइट इन्फन्ट्रीच कशावरून? आपली माणसं खडकीच्या बॉम्बे सॅपर्समध्ये होती, सप्लायच्या गाड्यांवर होती. आधी पलटण कळू द्या.

राजवाडा चौक
होळकरांच्या फौजेत नव्हते ना? संस्थानाची फौज वेगळी होती, तिचे कागद बेळगावला मिळणार नाहीत.

मालवामिलकर
होळकरांचा संबंध नाही. गाव खटाव तालुक्यातलं, जिल्हा सातारा. आजोबा नंतर गिरणीत नोकरीला म्हणून इंदूरला आले. थोरले गेल्याचं पत्र 1944 च्या संक्रांतीनंतर आलं, एवढंच घरात सांगतात. पलटण माहीत असती तर विचारलं असतं का?

अनघा, वडोदरा
दिल्लीच्या राष्ट्रीय युद्धस्मारकावर नाव शोधा, सोपं आहे.

सुभेदारपुत्र
तिथे स्वातंत्र्यानंतरच्या शहिदांचीच नावं आहेत. इंडिया गेटवरही नसेल, तिथली नावं पहिल्या महायुद्धाची आणि 1919 च्या अफगाण युद्धाची.

सातारकर
सातारचे म्हणता, मग आमचं अपशिंगे मिलिटरी बघून या. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे 46 जण कामी आले. शिळा कशी असावी ते तिथे कळेल. संगमरवर नको, काळा दगडच घ्या.

विहीणबाई
त्यांच्या वारसांना जमीन मिळायला हवी होती. मिळाली का? नसेल तर तहसीलदाराकडे अर्ज करा.

मालवामिलकर
जमीन नको आहे हो. त्यांना मूलबाळ नव्हतं.

जुनी कागदपत्रं
बायको होती का?

मालवामिलकर
होती ना. थोरली आजी शेवटपर्यंत आमच्याकडेच होती, परदेशीपुऱ्यात. तिची पेन्शन यायची. माझ्या वडिलांना तिनेच वाढवलं.

जुनी कागदपत्रं
अहो, मग हे पहिल्यांदा सांगायचं! पेन्शनचा कागद शोधा. त्यावर सैनिकाचा नंबर आणि पलटण असते. पदकं असतील तर मागून आणि कडेवर बघा, तिथेही कोरलेलं असू शकतं.
मग कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या, म्हणजे महायुद्धात गेलेल्या सैनिकांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर शोधा, पैसे लागत नाहीत. 3 सप्टेंबर 1939 पासून 31 डिसेंबर 1947 पर्यंत सेवेत वारलेल्यांच्या नोंदी तिथे आहेत. आडनावावर अडून बसू नका. कारकुनाने ऐकलं तसं लिहिलंय, पवारचं पोवार आणि शिंदेचं सिंदे झालेलं असतं. नंबर टाका.
आणि कबर शोधत बसू नका. हिंदू सैनिकांना अग्नी दिला जाई, त्यांची नावं दहन-स्मारकांवर आहेत. इटलीत एक सांग्रो नदीजवळ, एक फोर्लीला. ज्यांचा देहच हाती लागला नाही त्यांची नावं इटलीतल्याच कॅसिनो गावच्या स्मारकावर. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे 10 जुलै 1944 ला पडले, व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, त्यांचंही नाव कॅसिनोलाच.

महूचा माणूस
जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचं पत्र घेतल्याशिवाय काही होत नाही.

जुनी कागदपत्रं
शोधायला कुणाचं पत्र लागत नाही. बेळगावला कागद मागायचे तेव्हा बघू.

मालवामिलकर
सापडलं. आजीच्या ट्रंकेत, लुगड्याखाली. नंबर आहे, पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन. नंबर टाकताच नाव आलं. आडनाव चुकीचं लिहिलंय, पण तेच आहेत. नोव्हेंबर 1943, सांग्रो रिव्हर क्रिमेशन मेमोरियल. खाली वडिलांचं नाव, थोरल्या आजीचं नाव आणि आमचं गाव लिहिलंय. वडिलांना फोनवर वाचून दाखवलं, त्यांना बोलवेना. शिळेवर आम्ही फक्त थोरल्या आजोबांचं नाव घालणार होतो. आता थोरल्या आजीचंही, दोघांचं घालतो. आडनाव नोंदीतलं घालू की आपलं?

सुभेदारपुत्र
आपलंच. नंबर आणि पलटण मात्र नोंदीप्रमाणे घाला, पुढे कुणी शोधलं तर जुळेल. पहिली मराठा तेव्हा आठव्या इंडियन डिव्हिजनमध्ये सांग्रोवर लढत होती, तेही लिहा.

जुनी कागदपत्रं
पुरावा जोडून कळवलंत तर कमिशन नोंदीतलं आडनावही दुरुस्त करतं. पेन्शनच्या कागदाची प्रत काढून ठेवा, मूळ कुणाला देऊ नका.

सातारकर
दगड काळाच घ्या.