शोकाचे टप्पे: शिकवताना सुटणारी एक गोष्ट

शोकसमुपदेशनाच्या, म्हणजे जवळचे माणूस गमावलेल्यांना सावरायला मदत करण्याच्या, प्रशिक्षणाची सुरुवात शोकाच्या पाच टप्प्यांपासूनच (नकार, राग, सौदेबाजी, नैराश्य, स्वीकार) व्हावी, असे एक मत आहे; ते मला अर्धेच पटते. मनोविकारतज्ज्ञ एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये मांडलेले ते टप्पे मुळात मरणासन्न रुग्णांशी झालेल्या संवादांतून आले होते; मागे राहिलेल्यांच्या शोकाला ते पुढे लावले गेले, आणि नेमकी हीच गोष्ट शिकवताना बहुधा सुटते. त्यांच्या जोडीला शोकाचे अभ्यासक मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक स्खुट यांचे १९९९ मधील दुहेरी प्रक्रियेचे प्रारूप अवश्य शिकवावे. त्यानुसार शोकग्रस्त माणूस हानीचे दुःख आणि बदललेल्या आयुष्याची नवी घडी यांच्यात सतत ये-जा करत असतो, आणि अधूनमधून दुःखापासून दूर राहणे हाही सावरण्याचाच भाग असतो.

हे मला फार उशिरा कळले. मी प्रशिक्षणार्थी असताना, नुकतेच पती गमावलेल्या एक बाई पूर्ण वेळ बँकेच्या आणि विम्याच्या कागदपत्रांविषयीच बोलत राहिल्या, तेव्हा ‘नकाराच्या टप्प्यात आहेत’ अशी नोंद करून मी मोकळा झालो. माझ्या पर्यवेक्षकांनी ती नोंद खोडायला सांगितले नाही. ती कामे आता त्या बाईंवाचून दुसरे कोण करणार आहे, एवढेच त्यांनी मला विचारले.