अनुभव धागा : घरातलं माणूस विसरायला लागलं, तेव्हा मोहल्ला कामी आला का?

मागच्या मंगळवारी पहाटे चारला बाबा ड्युटीवर निघाले. रिटायर होऊन बावीस वर्षं झाली. नॅरोगेजला गार्ड होते, आणि इतवारी–नागभीडची ती छोटी गाडी 2019 मध्येच बंद झाली. पण त्या दिवशी बाबांच्या लेखी ती वेळेवर सुटणार होती. दाराची वरची कडी त्यांनी कशी काढली ते अजून कळलेलं नाही. अंगात दोन शर्ट, एका पायात चप्पल, दुसऱ्यात माझी सँडल, हातात रिकामा टिफिन. नागपुरातल्या आमच्या शांतीनगरातून इतवारी स्टेशन काही लांब नाही. बाहेरच्या चहावाल्याने त्यांना पाहिलं, बाकावर बसवलं आणि म्हणाला, "गाडी लेट आहे साहेब, कंट्रोलचा निरोप यायचा आहे. तोवर चहा घ्या." आणि इकडे मला फोन लावला. मी पोचले तेव्हा बाबा बशीतून चहा पीत कंट्रोलवाल्यांना शिव्या घालत होते.

त्याच्याकडे माझा नंबर होता, कारण मी तो दिला होता. द्यायला मला दीड वर्ष लागलं. डॉक्टरांनी अल्झायमर सांगितला तेव्हा घरात ठरलं, बाहेर बोलायचं नाही. भाचीचं लग्न जमत होतं, आणि "यांच्या घरात वेड आहे" असं कुणी म्हणालं तर? मग एकदा बाबा पाच तास सापडले नाहीत. मे महिना होता. नागपुरातला मे म्हणजे काय ते इथं कुणाला सांगायला नको. त्यानंतर मी किराणावाला, इस्त्रीवाला, पानठेला, चौकातले ऑटोवाले, स्टेशनबाहेरचा चहावाला अशा नऊ जणांना स्वतः जाऊन सांगून आले.

औषधांबद्दल विचारत नाहीये, ती डॉक्टर बघतील. तुमच्या आजूबाजूचं कोण कामी आलं, कोण नाही, ते लिहा. कडू असेल तर तेही लिहा. फक्त दवाखान्यांची आणि माणसांची नावं नकोत.

महाल, सून

आमच्याकडे सुरुवात चोरीच्या आळापासून झाली. सासूबाईंच्या पाटल्या दर दोन दिवसांनी "चोरीला" जायच्या आणि आळ कामवाल्या बाईवर यायचा. बारा वर्षं आमच्याकडे असलेली बाई. तिसऱ्या वेळेला ती भांडी तशीच टाकून रडत निघून गेली. पाटल्या संध्याकाळी पीठाच्या डब्यात सापडल्या.

मी तिच्या घरी गेले. खरं सांगते, लाज वाटत होती. तिला आजार समजावून सांगायला लागले तर ती म्हणाली, "वहिनी, हे आधी सांगायचं ना. माझ्या आजीचंही असंच होतं, आम्ही तिला बाहेरची बाधा समजून राहिलो होतो." दुसऱ्या दिवशी ती परत आली. सासूबाई ओरडल्या तशी म्हणाली, "हो आजी, मीच नेल्या. काळ्या पडल्या होत्या, चिंचेनं घासून आणते." मग दोघी मिळून घरभर शोधतात. सापडल्या की सासूबाई तिलाच शाबासकी देतात. डॉक्टरांनी आम्हाला सांगितलं होतं, वाद घालू नका, पटवून द्यायला जाऊ नका. ते आम्हाला वर्षभरात जमलं नाही, हिला एका दिवसात जमलं.

आणि एक. गेल्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गॅलरीत बसवलं होतं त्यांना. स्वतःच्या मुलाला "तुम्ही कोणाकडले?" विचारणाऱ्या सासूबाई, खालून पिवळी मारबत (रोगराई, पीडा घेऊन जावी म्हणून मिरवणुकीने नेतात तो पुतळा) निघाल्याबरोबर उठून उभ्या राहिल्या आणि खणखणीत आवाजात, "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत!" खालच्या पोरांनी वर पाहून जो कल्ला केला ना.

उमरेड रोड, रिटायर कंडक्टर

मी एसटीत होतो जी. ऑगस्ट 2022 मध्ये पंच्याहत्तरच्या वरच्यांना प्रवास फुकट झाला, तेव्हापासून असे म्हातारे जास्त दिसायले लागले. पहिले काय व्हायचं, पैसे नसले की माणूस स्टँडवरच अडकायचा, कोणीतरी विचारायचं. आता आधार कार्ड दाखवलं की मशीनमधून शून्य रुपयाचं तिकीट निघते आणि आजोबा गाडीत. कोणाला शंका येत नाही.

एक आजोबा गणेशपेठहून बसले. उमरेडचं तिकीट मागितलं. उमरेड आलं तरी उठेनात. म्हटलं, आजोबा, उतरा. तर मलेच विचारते, "बापू, आपण कुठं चाललो?" कपडे इस्त्रीचे, बोलणं एकदम नीट. दारू प्यायलेले नाही, बिमार दिसत नाही. गाडीतल्या लोकायनं हसून घेतलं. मले माझा बाप आठवला म्हणून मी नाही हसलो, नाहीतर मीही हसलोच असतो. शर्टाच्या आतल्या खिशावर मार्करने मोबाइल नंबर लिहिला होता त्यायच्या सुनेनं. तो सापडला म्हणून बरं. आधार कार्डावर पत्ता असते, फोन नंबर असतेच असं नाही, हे ध्यानात ठेवा. उमरेडच्या कंट्रोलरजवळ बसवलं, पुढच्या फेरीत मीच परत घेऊन आलो.

एवढंच सांगतो, कंडक्टर-ड्रायव्हरले कोणी हे शिकवत नाही. शिकवलं तर ते करतील. दिवसभर माणसं पाहणं हाच धंदा आहे आमचा.

मानेवाडा, निवृत्त परिचारिका

थोडक्यात लिहिते, कारण ही चूक फार पाहिली. विसरभोळेपणा आला म्हणजे लगेच अल्झायमर असं ठरवू नका, आणि "वय झालं" म्हणून सोडूनही देऊ नका. बी-12 कमी असलं, थायरॉइडचा त्रास असला तरी माणूस गोंधळतो. काही आठवड्यांपूर्वी पडून डोक्याला मार लागला असेल तर आत रक्त साचून हळूहळू बदल दिसतो, तो ऑपरेशनने सुधारू शकतो. कालपर्यंत बरा असलेला माणूस आज अचानक बरळायला लागला, तर लघवीचा संसर्ग, ताप, शरीरातलं पाणी किंवा सोडियम कमी होणं हे आधी बघायचं. उन्हाळ्यात तर हमखास. यांना तहान लागली ते कळत नाही आणि सांगताही येत नाही. "पाणी पाहिजे का?" विचारू नका, ग्लास हातात द्या.

साठीच्या पुढच्यांत डिमेन्शियाचं (म्हणजे स्मृतिभ्रंशाचं, अल्झायमर त्यातलाच एक) प्रमाण 7.4 टक्के असल्याचा देशपातळीवरचा अंदाज 2023 मध्ये प्रसिद्ध झाला, म्हणजे सुमारे 88 लाख माणसं. तुमच्या लेआउटच्या ज्येष्ठ नागरिक मंडळात शंभर जण असतील तर हिशोब तुम्हीच करा. आणि मंडळात येणं कुणी बंद केलं आहे तेही बघा.

वर्धा रोड, मुलगा

तुम्ही सगळे चांगलं चांगलं लिहून राहिले म्हणून माझं लिहितो.

आम्ही आमच्या फ्लॅट स्कीममध्ये सगळ्यांना सांगितलं. आईचा फोटो, आमचे नंबर, वॉचमनला वेगळे पैसे. पहिला महिना बरा गेला. मग आई दोनदा दुसऱ्यांच्या दाराची बेल वाजवत राहिली, एकदा चौथ्या मजल्यावरच्यांच्या हॉलमध्ये जाऊन सोफ्यावर झोपली. झालं. मीटिंगमध्ये विषय आला, "पेशंटला कुलपात ठेवा किंवा कुठेतरी ठेवा." कुठेतरी म्हणजे कुठे, ते कुणी सांगितलं नाही. ज्या भजनी मंडळात आई वीस वर्षं पेटी वाजवायची, तिथून बोलावणं बंद झालं. कारण काय, तर ती एकच अभंग पुन्हा सुरू करते. अहो, भजनातसुद्धा एक ओळ दहादा म्हणतातच की.

घरी ठेवलेल्या अटेंडंट तीन महिन्यांत चार बदलल्या. ब्युरोवाला नवीन बाई पाठवतो, तिला डायपर बदलता येतो, पण संध्याकाळी पाचनंतर "मला घरी जायचं" म्हणून आई दार ठोठावते तेव्हा काय करायचं ते येत नाही. सत्तरीच्या वरच्या सगळ्यांना सरकारच्या आयुष्मान योजनेचं पाच लाखांचं कवच ऑक्टोबर 2024 पासून मिळालं, चांगलंच झालं. पण ते दवाखान्यात भरती केल्यावर. हा आजार घरात चालतो, वर्षानुवर्षं. घरच्या बाईचा पगार कोणत्याच कार्डात बसत नाही.

सांगून चूक केली असं मी म्हणत नाही. पण सांगितल्यावर सगळे धावून येतात असंही नाही.

(धागा काढणारी : दादा, हे लिहिलंत ते बरं केलंत. पेटी घरी आहे का? सहज विचारते.)

(वर्धा रोड, मुलगा : आहे. भाता फाटला आहे. दुरुस्तीला टाकतो.)

लक्ष्मीनगर, वय 79

मी नवरा. मंडळी शिक्षिका होती, चौथीला गणित शिकवायची. आता घड्याळ वाचता येत नाही.

माझा सकाळचा फिरायचा ग्रुप होता. फिरून झाल्यावर तर्री पोहे, डॉक्टर नाही म्हणाले तरी. हिला एकटं सोडता येईना म्हणून मी जायचं बंद केलं. पंधरा दिवसांनी सगळे सातला घरासमोर हजर. म्हणाले, तुम्ही येत नाही तर आम्हीच आमचा रस्ता बदलला. आता त्यांच्यापैकी एक जण रोज अर्धा-पाऊण तास हिच्याजवळ बसतो आणि बाकीच्यांसोबत मी एक चक्कर मारून येतो. ही त्या बसलेल्याला पाहुणा समजते. रोज नव्याने पाणी विचारते, "मुलं कितवीत आहेत?" विचारते. आमचा एक मित्र एकाहत्तर वर्षांचा आहे, तो इमानदारीने सांगतो, "मोठा चौथीत आहे बाई, गणितात कच्चा आहे." मग पाढे सुरू. बारापर्यंत अजून चुकत नाही.

पेन्शनसाठी नोव्हेंबरमध्ये द्यायच्या हयातीच्या दाखल्याचं सांगतो, कुणाच्या उपयोगी पडेल. हिला बँकेत नेणं शक्य नव्हतं. पोस्टमन घरी येऊन 70 रुपयांत करून देतो. बोटांचे ठसे उमटेचनात, खडूत आणि भांड्यांत गेलेली बोटं. मग त्याने मोबाइलवर चेहऱ्याने करायचं ठरवलं. त्यात डोळे मिचकवावे लागतात. ही एकटक मोबाइलकडे बघत बसली. "मॅडम, डोळे मिचकवा" म्हटलं की आणखी मोठे करायची. पाच वेळा फेल. शेवटी मी पोस्टमनच्या मागे उभा राहिलो आणि हिला डोळा मारला. बावन्न वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच, असं समजा. ही लाजली, खाली बघितलं, वर बघितलं, डोळे मिटले-उघडले. झालं काम.

तो पोरगा आता पत्र नसलं तरी गेटपाशी थांबून "मॅडम, ठीक?" विचारतो.

त्रिमूर्तीनगर, पत्नी

माझे मिस्टर 54 वर्षांचे आहेत. मुलगी बारावीत.

ज्येष्ठ म्हणायला साठ वर्षं लागतात. मंडळ नाही, सवलत नाही, विरंगुळा केंद्र नाही. लोकांना वाटतं, टेन्शन असेल, नाहीतर पीत असतील. ऑफिसात हिशोब चुकायला लागले तेव्हा साहेबांनीही तेच धरलं, मेमो दिला. निदान व्हायच्या आधी नोकरी गेली होती. डॉ. अल्झायमर यांनी 1906 मध्ये ज्या बाईंची केस मांडली त्या दवाखान्यात आल्या तेव्हा 51 वर्षांच्या होत्या, हे मला न्यूरोलॉजीच्या ओपीडीत बसून कळलं. म्हणजे पहिलाच पेशंट म्हातारा नव्हता, आणि अजून आपण म्हातारपण म्हणतो.

कामी कोण आलं? मुलीच्या मैत्रिणी. चौघी आळीपाळीने आमच्याकडे अभ्यासाला बसतात. हे त्यांच्यासाठी चहा करतात, कधी साखरेऐवजी मीठ. चौघी गुपचूप पितात.

काही छोटे

गोकुळपेठ : पाहुण्यांनो, "ओळखलं का मला?" असं विचारू नका हो. परीक्षा असते ती. स्वतःचं नाव सांगून बसा.

सक्करदरा : 14567 ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे. मला त्यांनी नीट ऐकून माहिती दिली. स्वतःचाच धीर सुटला तर टेलिमानस ही मानसिक आधाराची सरकारी हेल्पलाइन, 14416, दिवसरात्र. मी रात्री दोनला लावला होता. माणूस हरवलं तर मात्र आधी 112. चोवीस तास थांबावं लागतं असं काही नाही. ताजा फोटो आणि आज कोणते कपडे घातलेत ते माहीत पाहिजे, म्हणून मी रोज सकाळी वडिलांचा एक फोटो काढून ठेवतो.

जयताळा : कूलरच्या आवाजाला आजी "पाऊस आला" म्हणून वाळवण गोळा करायला उठायची. आता आम्ही दुपारी खरंच चार कुरड्या-पापड्या ताटात ठेवतो. गोळा करते, झाकते, निजते.

धागा काढणारी

सगळं वाचलं. दोनदा.

वर्धा रोडच्या दादांचं डोक्यातून जात नाही. आमच्या नऊ जणांपैकीही दोघांनी नंतर तोंड फिरवलंच. त्यातल्या एकाने बाबांना उधार देणं बंद केलं आणि चौकात सगळ्यांना सांगितलं.

कंडक्टर भाऊंचं ऐकून आतल्या खिशावर नंबर लिहिला. बाबांनी तो पाहिला, म्हणाले, "हा कोणत्या गाडीचा नंबर?"

रविवारी त्यांना मोतीबागेच्या नॅरोगेज म्युझियममध्ये घेऊन गेले होते. इंजिनापाशी काही बोलले नाहीत. हातकंदिलासमोर मात्र थांबले. तिथल्या कर्मचाऱ्याला मी आधीच सगळं सांगून ठेवलं होतं. त्याने विचारलं, "साहेब, याची काच फिरवायची कशी?" बाबांनी हवेतच मूठ धरली, मनगट वळवलं. हिरवा. परत वळवलं. लाल. मग त्याच्याकडे बघून म्हणाले, "नवीन लागलास का? उद्या पहाटे ये, शिकवतो."

तो पाच वाजता येतो म्हणाला. बाबांनी त्याला चारची वेळ दिली आहे. चहावाल्याला कळवून ठेवलंय.