आईच्या झिजलेल्या बोटांचं काय करायचं?

आई सोलापूरजवळच्या कुंभारीच्या विडी घरकुलात (विडी कामगारांच्या वसाहतीत) राहते. तीस वर्षं विड्या वळून बोटांवरच्या रेषाच गेल्यात. परवा आधारवर अंगठा लावून बँकेतले पैसे काढताना एकानं तिचा अंगठा सहा वेळा दाबून घेतला, "मशीन घेत नाही" म्हणत. सहांतला एखादा जास्तीचा लागून पैसे कापले गेले असतील तर? मला झोप नाही ओ.

उत्तर : आधी पासबुक भरून घ्या. पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) फोन आणि बँकेत लेखी तक्रार. मग आधारच्या सरकारी ॲपवर बायोमेट्रिक लॉक करा, म्हणजे अंगठा, डोळे, चेहरा कुणालाच वापरता येत नाही. रेशनच्या दिवशी तेवढ्यापुरतं उघडायचं.

उत्तर : पासवर्ड बदलता येतो, अंगठा नाही. म्हणून ठसा खऱ्या, जिवंत बोटाचा आहे का, हे मशीननंच तपासायला हवं, आणि तो मशीनमध्येच कुलूपबंद होऊन पुढं जायला हवा. एल-१ या सुरक्षा दर्जाची ठसा घेणारी मशीन त्यासाठीच आहेत. ठसा लागत नाही म्हणून जुळणीची अट सैल करणं मात्र चूक, त्यानं दुसऱ्याचंही बोट चालून जाईल. आईंसाठी डोळ्याची बुबुळं किंवा चेहरा मागा.

प्रश्नकर्ता : लॉक केलं. पासबुक भरलं, एकदाच कापलेत. आता आईला सांगितलंय, पावती हातात आल्याशिवाय दुसऱ्यांदा अंगठा ठेवायचा नाही.