मदत हवी आहे: जुन्या गाडीचे पुढचे स्ट्रट (स्प्रिंगसकट बसणारे शॉक अ‍ॅब्झॉर्बर) बदलायचेत, दोन गॅरेजच्या खर्चात दुपटीचा फरक

नमस्कार मंडळी,

आमची पेट्रोल हॅचबॅक 14 वर्षांची, दीड लाख किलोमीटरच्या आसपास चाललेली. इंजिन ठणठणीत आहे, त्यामुळे विकायची अजिबात इच्छा नाही. पण हल्ली खड्ड्यातून गेली की पुढून ‘खट्’ असा आवाज येतो, गतिरोधक ओलांडल्यावर नाक दोन-तीनदा वरखाली होतं आणि ब्रेक दाबला की गाडी पुढे झुकते. डाव्या स्ट्रटवरून तेल ओघळलंय, उजवा कोरडा आहे. पुढच्या टायरवरून हात फिरवला तर उंचसखल लागतं.

एक गॅरेजवाले म्हणतात, फक्त डावा बदलू, बाकी जुनंच बसवू. दुसऱ्यांच्या कागदावर दोन्ही स्ट्रट, वरचे माउंट (स्ट्रट गाडीच्या सांगाड्याला जोडणारा भाग), बेअरिंग, बंप स्टॉप (स्ट्रट पूर्ण दबला की धक्का झेलणारं रबर), धुळीचे रबर, दोन्ही स्प्रिंग, लिंक रॉड (गाडीचा कलंडणं रोखणारा बार जोडणारा छोटा दांडा) आणि व्हील अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं). त्यांचा आकडा पहिल्याच्या दुप्पट, म्हणजे गाडी विकून जेवढे येतील त्याचा जवळपास चौथा हिस्सा.

यातलं खरंच गरजेचं काय आणि वगळता येण्यासारखं काय? वडिलांना मणक्याचा त्रास आहे आणि ते पुढेच बसतात, म्हणून काम टाळायचं नाहीये. फक्त पैसे योग्य जागी लागावेत. गाडीच्या कंपनीचेच पार्ट घ्यायला हवेत का, हेही सांगा.

प्रतिसाद

एकच बाजू बदलू नका. नवा स्ट्रट एका बाजूला घट्ट आणि जुना दुसऱ्या बाजूला ढिला राहिला तर जोरात ब्रेक लावताना, वळणावर दोन्ही बाजू वेगळ्या वागतात. तुमचा उजवा कोरडा असला तरी तोही तेवढाच चाललाय. आतली झडप झिजते तेव्हा बाहेर तेल दिसतंच असं नाही.

आता यादीकडे मजुरीच्या नजरेने बघा. स्ट्रट काढायचा म्हणजे चाक काढा, ब्रेकची नळी आणि एबीएसची वायर सोडवा, खालचे बोल्ट, वरचे नट, मग स्प्रिंग कंप्रेसर (स्प्रिंग दाबून धरायचं अवजार) लावून स्प्रिंग दाबून उतरवा. माउंट, बेअरिंग, बंप स्टॉप किंवा धुळीचं रबर नंतर बदलायचं ठरवलं तर हे सगळं पहिल्यापासून परत करावं लागतं. म्हणून इतक्या जुन्या गाडीत हे छोटे पार्ट आत्ताच घाला. इथे वाचवलेला पैसा पुढे मजुरीत दुप्पट जातो.

स्प्रिंगचं तसं नाही. ती तुटलेली नसेल (शेवटचा वेढा नीट बघायला सांगा, तिथेच जास्त तुटते), गंजून पोखरली नसेल आणि गाडी एका बाजूला बसलेली नसेल, तर तीच परत वापरा. लिंक रॉडही स्ट्रट न उतरवता बदलता येतो, त्यात ढिलेपणा असेल तरच घ्या.

अलाइनमेंट मात्र सोडू नका. खालचे बोल्ट सोडले की चाकाचा कोन थोडा तरी हलतो, आणि मग नवे टायरसुद्धा कडेने झिजतात.

पार्टबद्दल म्हणाल तर केवायबी, मनरो, गॅब्रिएल, सॅक्स हे गाडीच्या कंपन्यांनाही स्ट्रट पुरवतात. त्यांच्या स्वतःच्या खोक्यातला माल बहुतेक वेळा स्वस्त पडतो. भंगारातले जुने स्ट्रट घेऊ नका, ते किती झिजलेत हे बाहेरून कळत नाही.

एक गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. गाडी वरखाली होणं आणि पुढे झुकणं हे स्ट्रटचंच लक्षण आहे. ‘खट्’ आवाज मात्र लोअर आर्मच्या (चाक खालून गाडीला जोडणाऱ्या दांड्याच्या) बुशचा म्हणजे सांध्यातल्या रबराचा, त्याच्या टोकाच्या बॉल जॉइंटचा किंवा लिंकचाही असू शकतो. पैसे देण्याआधी गाडी लिफ्टवर चढवून पहारीने हे सगळं हलवून बघायला लावा. नाहीतर एवढा खर्च करून आवाज तसाच राहील.

धागाकर्ता

खूप आभार. लिफ्टवर बघितलं. डाव्या आर्मचा मागचा बुश चिरलेला निघाला, लिंक आणि स्प्रिंग ठीक आहेत. दुसऱ्या गॅरेजने स्प्रिंग आणि लिंक वगळून, बुश धरून नवा आकडा दिला. तो आधीपेक्षा बराच खाली आला आणि दोन्ही बाजूंचं काम त्यात बसतंय. टायर आत्ताच बदलावेत का?

प्रतिसाद

टायरवरची नक्षी पुरेशी खोल असेल तर लगेच नको. फक्त आधी झालेली उंचसखल झीज नव्या स्ट्रटने भरून येत नाही, त्यामुळे टायरची घरघर काही काळ राहील. ती ऐकून स्ट्रट खराब निघाले असं समजू नका.

मेकॅनिकला दोन गोष्टी आधीच सांगा. वरचा नट आवळताना स्ट्रटचा चकचकीत दांडा पकडीने धरू नये, ओरखडा पडला तर तिथून सील फाटून नवा स्ट्रटही गळतो. आणि आर्मच्या बुशचा बोल्ट गाडीचं वजन चाकांवर आल्यावरच शेवटचा आवळावा. चाक लटकत असताना आवळला तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर चिरतं.

धागाकर्ता

दोन्ही लिहून घेतलं. गाडी कामाला टाकतोय, अलाइनमेंटचा कागदही मागून घेतो.